रुग्णालयाची ड्युटी आणि लेखनाची मुदत: तुटक वेळेत लेखन पुरे करण्याची पद्धत

रुग्णालयात नोकरी करणाऱ्या माणसाने लेखनाचे काम अंगावर घेतले की त्याला सहसा एकच सल्ला मिळतो: रोज ठरलेल्या वेळी दोन तास बसत जा. ज्याच्या दिवसाला ठरलेली वेळ असते, त्याच्यासाठी हा सल्ला चांगलाच आहे. परंतु ज्याची पाळी दर आठवड्याला बदलते, ज्याची ड्युटी कागदावर आठ तासांची आणि प्रत्यक्षात अकरा तासांची असते, आणि ज्याला घरी पोहोचण्याआधीच उद्या कोणाच्या जागी उभे राहायचे याचा फोन येऊन गेलेला असतो, त्याच्या दिवसात लेखनाची ठरलेली वेळ सापडत नाही. हा लेख अशा वाचकांसाठी आहे: प्रबंध लिहिणारे निवासी डॉक्टर, पहिलाच केस रिपोर्ट (एखाद्या रुग्णाच्या आजाराचा व उपचारांचा लेखी वृत्तांत) किंवा शोधनिबंध हाती घेतलेल्या परिचारिका, पुस्तकातले एखादे प्रकरण लिहिण्याचे मान्य केलेले फिजिओथेरपिस्ट किंवा तंत्रज्ञ, आणि ही नोकरी सांभाळून कथा-कादंबरी लिहिणारेही.

अनेक वर्षे ही दोन्ही कामे एकत्र केल्यावर माझे मत असे झाले आहे की येथे वेळ काढण्यापेक्षाही दुसरेच एक कौशल्य अधिक उपयोगी पडते. काम मध्येच तुटणार, हे या नोकरीत गृहीतच धरावे लागते. म्हणून तुटलेले लेखन चार दिवसांनी, थकलेल्या डोक्याने पुन्हा उघडल्यावरही पाच मिनिटांत त्यात शिरता येईल, अशी त्याची व्यवस्था पहिल्या दिवसापासून लावणे, हे ते कौशल्य होय. पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी या ना त्या मार्गाने तिकडेच जातात.

पहिली पायरी: रोस्टर समोर ठेवून तासांचा हिशेब

लेखन सुरू करण्याआधी ड्युटीचा रोस्टर आणि मुदतीची तारीख शेजारी शेजारी ठेवावी आणि तासांचा लेखी हिशेब करावा. मनातल्या मनात केलेला हिशेब नेहमी आपल्या बाजूने झुकतो. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले होते: पूर्वीची तशीच कामे लांबल्याचे ठाऊक असूनही माणूस पुढच्या कामाला लागणारा वेळ कमीच धरतो. रुग्णालयातल्या माणसाच्या बाबतीत ही चूक दुप्पट होते, कारण तो लेखनाला लागणारा वेळही कमी धरतो आणि ड्युटी संपण्याची वेळही लवकरची धरतो.

एक उदाहरण घेऊ. समजा 6,000 शब्दांचा मजकूर 35 दिवसांत द्यायचा आहे. नवख्या लेखकाने तांत्रिक विषयावरचा पहिला मसुदा लिहिताना तासाला 250 शब्दांपेक्षा अधिक वेग धरू नये. म्हणजे मसुद्याला 24 तास झाले. सुधारणेला त्याच्या निम्मे, म्हणजे 12 तास, आणि संदर्भ, तक्ते, आकृत्या व अर्ज यांना 8 तास धरले, तर एकूण 44 तास लागतील. आता रोस्टर पाहू. त्या 35 दिवसांत 17 दिवसपाळ्या, 6 रात्रपाळ्या, रात्रपाळीनंतरचे 6 दिवस आणि 6 सुट्ट्या आहेत. दिवसपाळीच्या दिवशी पाऊण तास मिळेल असे धरावे, पण तो साधारण निम्म्याच, म्हणजे नऊ दिवशी मिळेल असेही धरावे. त्याचे पावणेसात तास होतात. रात्रपाळीचे तास शून्य धरावेत. रात्रपाळीनंतरच्या दिवशी संध्याकाळी एक तास, तोही निम्म्याच वेळा, म्हणजे तीन तास. सुट्ट्यांपैकी एक घरासाठी पूर्ण सोडावी आणि उरलेल्या पाच दिवशी प्रत्येकी चार तास धरावेत, म्हणजे 20 तास. सगळे मिळून जेमतेम 30 तास भरतात.

ही 14 तासांची तूट पहिल्याच दिवशी कागदावर दिसणे, हाच या हिशेबाचा लाभ आहे. पहिल्या दिवशी दिसलेल्या तुटीवर उपाय असतो: मजकूर 4,500 शब्दांवर आणता येतो, तीन दिवसांची रजा मागता येते, सहलेखक घेता येतो किंवा मुदत वाढवून मागता येते. हीच तूट तिसाव्या दिवशी लक्षात आली, तर ती झोपेतून भरून काढण्याशिवाय दुसरा मार्ग उरत नाही, आणि त्याची किंमत शेवटी वॉर्डात मोजली जाते.

दुसरी पायरी: ज्यांना सांगायला हवे त्यांना आधी सांगणे

पहिली व्यक्ती म्हणजे रोस्टर लावणारी. पुढचा रोस्टर पक्का होण्यापूर्वी तिच्याकडे नेमकी विनंती करावी. 'या महिन्यात जरा सांभाळून घ्या' असे मोघम बोलण्यापेक्षा 'मुदतीच्या आधीच्या आठवड्यात माझी रात्रपाळी लावू नका, त्याऐवजी त्यापुढच्या आठवड्यात मी दोन रात्री जास्त करीन' असे बोलावे. सहकाऱ्याशी ड्युटी बदलून घेतली, तर ती कधी परत करणार हे त्याच वेळी लिहून द्यावे आणि ठरल्याप्रमाणे परत करावी. लेखनासाठी एकदा घेतलेली आणि न फेडलेली ड्युटी सहकारी विसरत नाहीत, आणि पुढच्या मुदतीच्या वेळी पुन्हा त्यांच्याकडेच जावे लागते.

दुसरी व्यक्ती म्हणजे संपादक किंवा मार्गदर्शक. आपण पाळीत काम करतो, फोन कधी उचलू शकतो आणि ईमेलला किती वेळात उत्तर देऊ शकतो, हे त्यांना सुरुवातीलाच कळवावे. मुदत वाढवून मागण्याची वेळ आलीच, तर ती मुदतीच्या किमान दहा दिवस आधी मागावी. त्या पत्रात काय झाले, काय राहिले आणि नवी तारीख कोणती, एवढेच असावे. उदाहरणार्थ: 'सहा विभागांपैकी चार पूर्ण झाले असून ते सोबत पाठवत आहे. चर्चा आणि सारांश शिल्लक आहेत. ड्युटीत अचानक बदल झाल्यामुळे ते ठरलेल्या तारखेपर्यंत होणार नाहीत. 18 तारखेला संपूर्ण मजकूर देईन.' आपल्या दगदगीचे वर्णन या पत्रात नसावे. संपादकाला सहानुभूती असली, तरी त्याला पुढचे नियोजन तारखेवर करायचे असते. आणि तयार भाग सोबत जोडला की त्याचा विश्वास टिकतो.

तिसरी गोष्ट परवानगीची आहे. नोकरीच्या अटींमध्ये बाहेरच्या लेखनासाठी, किंवा रुग्णालयाचे नाव छापण्यासाठी, लेखी परवानगी आवश्यक असू शकते. रुग्णांच्या नोंदी वापरणारा अभ्यास असेल, तर नैतिकता समितीची मान्यता काम सुरू होण्यापूर्वीच घ्यावी लागते. मजकूर तयार झाल्यावर मागे जाऊन ती मिळवता येत नाही. हे काम रखडणारे आहे, म्हणून ते आधी सुरू करावे.

घरच्यांनाही हाच रोस्टर दाखवावा. कोणत्या दिवशी दार बंद असेल आणि कोणत्या दिवशी आपण पूर्णपणे त्यांचे आहोत, हे त्यांना ठाऊक असले म्हणजे दोन्ही दिवस नीट जातात.

तिसरी पायरी: डोके कसे आहे ते पाहून कामाची वाटणी

लेखन म्हणजे एकच एक काम, असे नवख्या माणसाला वाटते. म्हणून तो दमून घरी आल्यावर अवघड परिच्छेदापुढे बसतो, अर्धा तास दोन ओळी खोडतो आणि 'आज काही झाले नाही' असे म्हणून उठतो. प्रत्यक्षात त्या अर्ध्या तासात तक्त्यांचे क्रमांक लावून झाले असते. म्हणून सगळ्या कामाची तीन याद्यांत विभागणी करावी. पहिल्या यादीत ताज्या डोक्याची कामे: युक्तिवाद, चर्चा, कथेतला निर्णायक प्रसंग, प्रकरणांचा क्रम. दुसरीत मध्यम लक्ष मागणारी: कार्यपद्धतीचे वर्णन, आधीच ठरलेल्या मुद्द्यांचा विस्तार, काल लिहिलेल्या पानाची सुधारणा. तिसरीत दमलेल्या डोक्यालाही जमणारी: संदर्भांचे स्वरूप, आकृत्यांखालच्या ओळी, शुद्धलेखन, संक्षेपांची यादी, फायलींची नावे. या याद्या कागदावर असाव्यात. दमलेल्या माणसाला काय करावे हे ठरवण्याचेच सर्वाधिक ओझे होते, आणि यादी तेवढे ओझे उतरवते.

शोधनिबंध लिहिणाऱ्यांना एक सोय आयतीच मिळते. वैद्यकीय शोधनिबंधाची रचना साधारणपणे प्रस्तावना, कार्यपद्धती, निष्कर्ष आणि चर्चा अशी ठरलेली असते. वाचण्याचा क्रम हा असला, तरी लिहिण्याचा क्रम हाच असण्याचे कारण नाही. कार्यपद्धती प्रथम लिहावी, कारण ती आपण स्वतः केलेली असते आणि अभ्यास चालू असतानाच लिहिता येते. त्यानंतर तक्ते आणि निष्कर्ष, मग चर्चा, मग प्रस्तावना, आणि सारांश सर्वांत शेवटी. प्रस्तावनेपासून सुरुवात करणारा नवखा लेखक जगभरच्या वाचनात तीन आठवडे घालवतो आणि आपल्या स्वतःच्या निरीक्षणांपर्यंत पोहोचेतो मुदत जवळ आलेली असते.

याच टप्प्यावर योग्य ती तपासणीसूची, म्हणजे लेखात कोणत्या बाबी यायलाच हव्यात त्यांची यादी, काढून भिंतीवर लावावी. केस रिपोर्टसाठी 2013 मध्ये प्रसिद्ध झालेली केअर ही सूची आहे, यादृच्छिक चाचण्यांसाठी कन्सॉर्ट, निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी स्ट्रोब आणि पद्धतशीर आढाव्यांसाठी प्रिझ्मा, जिची सुधारित आवृत्ती 2020 ची आहे. अनेक नियतकालिके ही सूची भरून मागतात. शेवटच्या रात्री ती भरताना एखादी मूळ नोंदच घेतलेली नाही असे कळले, तर काही करता येत नाही. पहिल्या आठवड्यात कळले, तर केसपेपर पुन्हा काढता येतो.

चौथी पायरी: मजकुराचा हँडओव्हर

ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो. पाळी संपताना कोणतीही जबाबदार परिचारिका 'सगळे फाइलमध्ये आहे' असे म्हणून निघून जात नाही. कोणत्या खाटेवर कोण आहे, काय चालू आहे, कशाची काळजी वाटते आणि पुढच्या दोन तासांत काय करायचे आहे, हे ती येणाऱ्याला सांगते (हाच हँडओव्हर), कारण येणाऱ्याच्या डोक्यात त्या क्षणी त्यातले काहीच नसते. चार दिवसांनी मजकूर उघडणारे आपणही असेच पाळीवर नव्याने आलेले असतो; आणि तरीही आपण स्वतःसाठी एक ओळदेखील न लिहिता फाइल बंद करतो.

हँडओव्हरसाठी अनेक रुग्णालयांत 'एसबार' ही चार भागांची पद्धत वापरतात. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधून ती आरोग्यसेवेत आली. परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज आणि शिफारस हे तिचे चार भाग. लेखनाची प्रत्येक बैठक संपवताना, मग ती दहा मिनिटांची का असेना, मजकुराच्या अगदी वर या चार ओळी लिहाव्यात. दाब-व्रणांवरच्या (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांवरच्या) एका शोधनिबंधासाठी त्या अशा दिसतील:

परिस्थिती: चर्चेचा तिसरा परिच्छेद अर्धा झाला आहे.
पार्श्वभूमी: पहिल्या दोन परिच्छेदांत आमची निरीक्षणे मांडली, तिसऱ्यात ती इतरांच्या निरीक्षणांशी ताडून पाहायची आहेत.
अंदाज: दुसऱ्या तक्त्यातली रुग्णसंख्या मजकुराशी जुळत नाही, अभ्यासातून वगळलेले तीन रुग्ण बहुधा तक्त्यात तसेच राहिले आहेत.
शिफारस: आधी तक्ता तपासावा. मग 'रात्रीच्या पाळीत कूस बदलल्याच्या नोंदी कमी आढळल्या, याचे एक कारण' या अर्ध्या वाक्यापासून पुढे जावे. कारण मनुष्यबळाचे द्यायचे आहे.

मजकुरातले शेवटचे वाक्य मुद्दाम अर्धवट सोडलेले आहे, हे लक्षात घ्यावे. पूर्ण झालेल्या परिच्छेदानंतर कोरी जागा असते आणि कोऱ्या जागेपुढे दमलेला माणूस थबकतो. अर्धे वाक्य मात्र त्याला हात धरून आत घेते. कथा लिहिणाऱ्यांनी 'अंदाज' या ओळीत पात्राच्या मनात या क्षणी काय चालले आहे ते लिहावे. प्रसंग नंतरही आठवतो, पण तो लिहिताना लागलेला सूर चार दिवसांत हरवतो.

या टिपणाचा दुसरा उपयोग मला अधिक मोलाचा वाटतो. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर मनाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो, असे सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले. आणि पुढच्या अभ्यासात, काम सोडताना 'परत आल्यावर कुठून सुरू करायचे' याची थोडक्यात नोंद केली, तर ही अडकण कमी होते असे त्यांना आढळले. इंजेक्शनची मात्रा मोजत असताना मनात परिच्छेद घोळत असेल, तर ते धोक्याचे आहे. चार ओळी लिहून फाइल बंद केली की मजकूर तेथेच सुरक्षित राहतो आणि मन मोकळे होऊन रुग्णाकडे जाते. त्यामुळे वेळ अगदीच नसेल, तर लेखन दोन मिनिटे आधी थांबवावे. हँडओव्हर मात्र टाळू नये.

पाचवी पायरी: झोप हिशेबाबाहेर ठेवणे

मुदत जवळ आली की झोपेतले दोन तास लेखनाला द्यावेत, असे प्रत्येकालाच वाटते. एरवी हा निर्णय ज्याचा त्याचा असतो. रुग्णालयात काम करणाऱ्याच्या बाबतीत तो तसा राहत नाही. ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की सलग 17 तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असताना होते तेवढी खालावते, आणि 24 तासांनंतर ती 0.10 टक्क्यांच्या पातळीपर्यंत जाते. सकाळी सहाला उठून ड्युटी करून आलेला आणि रात्री अकरानंतर लिहीत बसलेला माणूस ही पहिली मर्यादा रोज ओलांडतो. त्याच्या परिच्छेदाचे जे व्हायचे ते होवो, दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात रुग्ण असतो.

म्हणून काही नियम कठोरपणे पाळावेत, असे माझे सांगणे आहे. रात्रपाळी संपवून आल्यावर आधी झोपावे आणि मग लिहावे. उलट कधीच करू नये. मी एकदा मुदतीच्या भीतीने रात्रपाळीनंतर थेट बसून सहा पाने लिहिली होती. लिहिताना ती उत्तम वाटली. दोन दिवसांनी वाचली, तेव्हा एकच मुद्दा तीन ठिकाणी आला होता आणि एका ठिकाणी आकडाच चुकीचा होता. ती सगळी पाने टाकून द्यावी लागली, आणि त्या बुडालेल्या झोपेमुळे पुढची रात्रही वाईट गेली. पहाटे तीन ते सहा या वेळेत शरीराचे तापमान आणि सावधपणा सर्वांत खाली असतात. त्या वेळी लिहिलेली कोणतीही गोष्ट, ईमेलसुद्धा, दिवसा पुन्हा वाचल्याशिवाय पाठवू नये.

वीस मिनिटांची डुलकी उपयोगी पडते, पण गाढ झोपेतून उठल्यावर पंधरा ते तीस मिनिटे डोके जड राहते, म्हणून त्या अवधीत ताज्या डोक्याचे काम काढू नये. कॉफीबद्दलही थोडा हिशेब हवा: निरोगी प्रौढाच्या शरीरातले कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे पहाटे पाचला घेतलेल्या कॉफीचा अर्धा अंमल सकाळी दहाला, म्हणजे आपण अंथरुणावर पडलेलो असताना, शिल्लक असतो.

रात्रपाळी शांत असेल तर ड्युटीवर लिहावे का, हा प्रश्न नवीन माणूस हमखास विचारतो. माझे उत्तर असे की हक्काच्या विश्रांतीच्या वेळेत आणि तेथील नियम परवानगी देत असतील तरच, तेही तिसऱ्या यादीतले काम करावे. शांत वाटणारा वॉर्ड दहा मिनिटांत बदलतो, आणि गुंतवून ठेवणारे लेखन मॉनिटरच्या आवाजापासून माणसाला थोडेसे दूर नेते. तेवढे थोडेसेही नको.

सहावी पायरी: रुग्णाची गोपनीयता

तुटक वेळेत लिहिणारा माणूस मिळेल तेथे लिहितो: फोनवर, खिशातल्या कागदावर, घरी जाताना बोलून रेकॉर्ड करून. ही सवय चांगली आहे, पण तिच्याबरोबर गोपनीयतेचा धोका येतो. खिशातल्या टिपणात रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक, खाटेचा क्रमांक किंवा भरतीची तारीख कधीही नसावी. आपण ठरवलेला सांकेतिक क्रमांक असावा आणि त्याची उकल रुग्णालयातच कुलूपबंद राहावी. लिफ्टमध्ये किंवा कॉरिडॉरमध्ये बोलून मजकूर रेकॉर्ड करू नये. वैयक्तिक मसुदा रुग्णालयाच्या संगणकावर आणि रुग्णाची माहिती वैयक्तिक फोनवर, हे दोन्ही टाळावे.

छायाचित्रांबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. डोळ्यांवर काळी पट्टी टाकली की ओळख लपते, असे समजले जाते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या शिफारशींत मात्र तेवढे पुरेसे नाही असे स्पष्ट म्हटले आहे. एक्स-रे आणि स्कॅनच्या कोपऱ्यात नाव छापलेले असते, आणि ते कापले तरी मूळ डिजिटल फाइलच्या आतल्या माहितीत ते राहू शकते.

केस रिपोर्टसाठी रुग्णाची लेखी संमती तो वॉर्डात असतानाच घ्यावी. घरी गेलेला रुग्ण पुन्हा भेटेलच असे नाही, आणि नियतकालिकाचा स्वतंत्र संमतिपत्राचा नमुना असतो तो आधीच काढून ठेवलेला बरा. लेख इंटरनेटवर कोणालाही दिसू शकेल, हे त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगावे आणि विचार करायला वेळ द्यावा. दुखण्यात असलेला माणूस डॉक्टरांच्या शब्दाला सहसा नाही म्हणत नाही, याची जाणीव आपणच ठेवायची असते.

कथा लिहिणाऱ्यांची वाट येथे वेगळी होते. कथेत तपशील बदलावेतच: वय, आजार, नाते, शेवट. केस रिपोर्टमध्ये मात्र ओळख लपवण्यासाठी वैद्यकीय तपशील बदलणे चुकीचे आहे, कारण पुढचा डॉक्टर त्या तपशिलावर विसंबून निर्णय घेईल. तेथे ओळख पटवणारा तपशील गाळावा, किंवा संमती घेऊन जसाच्या तसा द्यावा.

सातवी पायरी: मुदतीच्या आतली मुदत

खऱ्या तारखेच्या पाच दिवस आधीची तारीख हीच आपली मुदत मानावी आणि त्या दिवसानंतर नवा मजकूर लिहिणे बंद करावे. हे पाच दिवस मोकळे राहत नाहीत. ऑनलाइन अर्ज, सोबतचे पत्र, हितसंबंधांची घोषणा, प्रत्येक सहलेखकाची सही, शब्दमर्यादा, आकृत्यांची अपेक्षित स्पष्टता, ही सगळी कामे त्यात येतात, आणि त्यातले एखादे तरी अडतेच. सहलेखकही बहुधा रुग्णालयातच काम करतात. त्यांना मसुदा वाचायला दहा दिवस द्यावेत आणि उत्तर न आल्यास काय करणार, हे आधीच ठरवून कळवावे.

फायलींची नावे तारखेने सुरू करावीत: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'अगदी अंतिम' अशा तीन फायलींतून दमलेल्या अवस्थेत योग्य ती निवडणे कठीण जाते, आणि जुनी फाइल पाठवली जाते. मजकुराच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्यांपैकी एक घराबाहेर किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात. संदर्भांसाठी झोटेरोसारखे मोफत साधन पहिल्या दिवसापासून वापरावे.

आठवी पायरी: वेळापत्रक कोसळल्यावर

एखादा आठवडा असा येतोच की सहकारी आजारी पडतो, वॉर्ड भरून वाहतो आणि पाच दिवस फाइल उघडलीही जात नाही. अशा आठवड्यात रोज एक वाक्य आणि त्यानंतरचा हँडओव्हर, एवढाच नेम ठेवावा. एका वाक्याने मजकूर फारसा पुढे जात नाही, पण त्याच्याशी असलेली ओळख टिकते, आणि मोकळा दिवस मिळाल्यावर पहिले दोन तास ती ओळख पुन्हा करून घेण्यात जात नाहीत. आठवडा संपल्यावर पहिल्या पायरीचा हिशेब नव्याने करावा. जुन्या हिशेबाला ठिगळे लावू नयेत.

ज्या दिवशी एखादा रुग्ण आपल्या हातांत गेला, त्या दिवशी लिहायला बसू नये. वाटलेच तर स्वतःसाठी चार ओळी लिहाव्यात आणि त्या मुदतीच्या मजकुरापासून वेगळ्या ठेवाव्यात. एखाद्या सहकाऱ्याशी बोलावे. मुदत एका दिवसाने हलली तरी चालते.

काही खुणा दिसल्या तर मात्र लेखन थांबवून वरिष्ठांना सांगावे: औषधाच्या मात्रेत किंवा नोंदीत चूक होता होता राहणे, गाडी चालवताना डोळा लागणे, झोपायला वेळ असूनही झोप न येणे, रुग्णाच्या साध्या प्रश्नाचा राग येणे. यांपैकी एकही खूण दोनदा दिसली, तर मुदत वाढवून मागणे हा त्या दिवसाचा पहिला उद्योग असावा, आणि वाढ मिळत नसेल तर काम परत करावे. परत केलेले काम पुढे कधीतरी पुन्हा हाती घेता येते.

मजकूर पाठवल्यानंतर

मजकूर गेला की फोल्डर बंद करून विसरून जावेसे वाटते. त्याआधी अर्धा तास बसून शेवटचा, थोडा सविस्तर हँडओव्हर लिहावा: मूळ नोंदी कोठे आहेत, तक्त्यांची आकडेमोड कोणत्या फाइलमध्ये आहे, कोणते रुग्ण का वगळले, कोणता परिच्छेद कोणाच्या सूचनेवरून बदलला, संमतिपत्रे कोणत्या कपाटात आहेत, आणि परीक्षक कोणती शंका काढतील असे आपल्याला वाटते. परीक्षकांचे अभिप्राय अनेक महिन्यांनी येतात. तोपर्यंत आपण दुसऱ्या वॉर्डात, दुसऱ्या रोस्टरवर असतो, आणि उत्तर देण्यासाठी मिळालेल्या थोड्या आठवड्यांत रात्रपाळ्याही असतात. त्या वेळी या अर्ध्या पानाच्या आधाराने पहिल्याच संध्याकाळी उत्तराला सुरुवात करता येते.